शेजारचे परके : किरण नगरकरांच्या कादंबऱ्यांतील स्थलांतरित कुटुंबे

आमच्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत ‘जन्मस्थळ’ असा एक रकाना आहे. एका मे महिन्यात, उसाचा हंगाम आटोपून टोळ्या गावी परतल्यानंतर, एक जोडपे सहा महिन्यांच्या मुलाला घेऊन आले. मूल कोठे जन्मले, असे आम्ही विचारले. ‘कारखान्यावर’, असे आईने सांगितले. कोणत्या कारखान्यावर, कोणत्या गावच्या शिवारात, हे तिला नेमके सांगता येईना; कोपी नदीच्या काठी होती एवढेच तिला आठवत होते. शेवटी तिचा नवरा म्हणाला, “फादर, आपलं गावच लिहा. तिकडं आपलं काय हाय?” आम्ही गावाचे नाव लिहिले. नोंद पूर्ण झाली, पण ती खरी नव्हती.

त्याच सुमारास आम्ही किरण नगरकर यांची ‘जसोदा’ ही कादंबरी वाचत होतो, आणि ती वाचून झाल्यावर त्यांची ‘रावण अँड एडी’ दुसऱ्यांदा हाती घेतली. आपले घर जेथे आहे तेथे पोट भरत नाही आणि पोट जेथे भरते तेथे आपले काही नाही, अशा माणसांविषयी या लेखकाने आयुष्याचा मोठा भाग खर्ची घातला. त्यांच्या एकूण लेखनाचा विचार आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते. त्याला आणखी एक कारण आहे. मुंबईतल्या गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबाला कादंबरीच्या ऐन मध्यभागी बसवणारा हा लेखक जन्माने ख्रिस्ती नव्हता, आणि आपण ख्रिस्ती वाचकांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

नगरकरांचा जन्म १९४२ सालचा, मुंबईचा. त्यांचे आजोबा बी. बी. नगरकर हे ब्राह्मो समाजाचे. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेत ते प्रतिनिधी म्हणून गेले होते. घरातले वळण उदारमतवादी आणि बरेचसे पाश्चात्त्य. मराठी माध्यमातले शिक्षण अवघी पहिली काही वर्षे; पुढचे सारे इंग्रजीतून. असे असूनही त्यांची पहिली कादंबरी ‘सात सक्कं त्रेचाळीस’ ही मराठीतच आली, १९७४ साली. कुशंक पुरंदरे या तिच्या नायकाचे विस्कळीत, तुकड्यातुकड्यांचे निवेदन आणि मध्येच इंग्रजीत शिरणारी, व्याकरणाची फारशी पत्रास न बाळगणारी भाषा मराठी कादंबरीला अनोळखी होती. जाणकारांनी तिचे मोल ओळखले. सामान्य वाचक मात्र तिच्यापासून दूरच राहिला.

नंतर वीस वर्षे त्यांची कादंबरी आली नाही. आली ती ‘रावण अँड एडी’, १९९४-९५ च्या सुमारास आणि इंग्रजीत. मराठीत सुरू झालेली ही कथा इंग्रजीत पूर्ण झाली होती. मराठी साहित्यवर्तुळात त्यामुळे नाराजी उमटली. आपला लेखक परक्या दारी गेला, अशी ती भावना होती. नगरकरांना ही नाराजी फार लागली आणि मुलाखतींतून ते तसे बोलूनही दाखवीत. आपल्या वाचकांना या प्रसंगाची उलट बाजू परिचयाची आहे. फादर स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले. १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. एका इंग्रजाने मराठीत पुराण रचावे याचा आम्हांस चारशे वर्षे अभिमान वाटतो. एका मराठी माणसाने इंग्रजीत कादंबरी लिहावी याचा मात्र राग येतो. पाहुणा आपल्या भाषेत आला की ते प्रेम आणि घरचा माणूस दुसऱ्या भाषेत गेला की तो द्रोह, हा न्याय आम्हांस पटत नाही. पुढे रेखा सबनीस यांच्या अनुवादामुळे ही कादंबरी मराठीतही आली, आणि तेव्हा ध्यानात आले की तिची माणसे पहिल्यापासून मराठी आणि कोंकणीतच जगत होती.

कादंबरी घडते ती माझगावच्या सी. डब्ल्यू. डी. चाळींत. चौथ्या मजल्यावर पवारांचे हिंदू मराठी कुटुंब. पाचव्यावर कुतिन्हो, गोमंतकीय कॅथलिक. पार्वती पवारचे तान्हे मूल गॅलरीतून खाली झेपावते. कामावरून परतणारा व्हिक्टर कुतिन्हो ते झेलतो आणि त्या आघाताने मरतो. त्याची पत्नी व्हायोलेट तेव्हा गरोदर असते; एडी जन्माला येतो तो बाप गमावूनच. वाचलेल्या मुलाचे नाव राम होते. आई दृष्ट लागू नये म्हणून ते बदलून रावण ठेवते. एका घरावर वाचल्याचे ऋण आणि दुसऱ्या घरावर मृत्यूची सावली, अशी दोन कुटुंबे एका जिन्याने वर्षानुवर्षे चढतात-उतरतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

येथे स्थलांतरिताचे जे चित्र उभे राहते ते नेहमीच्या साहित्यातल्यासारखे नाही. परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या कथांत बहुधा मायभूमीची ओढ असते, सणासुदीचे पदार्थ असतात, आईबापांची भाषा विसरलेली मुले असतात. नगरकरांचे कुतिन्हो कुटुंब समुद्र ओलांडून गेलेले नाही. गोव्याहून मुंबई एका रात्रीच्या बोटीच्या अंतरावर होती. खलाशी, स्वयंपाकी, आया, शिंपी, वादक म्हणून गोमंतकीय माणसे पिढ्यानपिढ्या तेथे येत राहिली. आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ स्थापून त्यांनी परक्या शहरात पाठ टेकण्यापुरती जागा आणि आल्तारापुढे सामुदायिक रोझरी एवढे गाव जपले. कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोगही १८९२ साली झाला तो मुंबईत. म्हणजे हे लोक मुंबईला नवे नव्हते. तरीही कादंबरीतली चाळ त्यांना पाचव्या मजल्यावरचे परके मानते, आणि तेही खालच्यांना परकेच समजतात.

हे परकेपण कशाने टिकते याचा नगरकरांनी घेतलेला शोध या कादंबरीचा सर्वांत मोलाचा भाग होय. त्यांचे उत्तर धर्म असे एका शब्दाचे नाही. वरच्या मजल्यावरच्यांना मोडकेतोडके का होईना इंग्रजी येते. खालच्यांना येत नाही. खिशात पैसा दोघांच्याही नाही, पण इंग्रजीने एकाला जगाचा एक दरवाजा किलकिला करून दिला आहे. रावण ‘दिल देके देखो’ पुन्हा पुन्हा पाहतो. एडी ‘रॉक अराउंड द क्लॉक’ने झपाटतो. दोघांचे वेड एकच, पण एकाचे दुसऱ्याला कळत नाही. चाळीला सर्वांचे मिळून एकच काय ते आहे, आणि ते म्हणजे नळाला ठरावीक वेळी येणारे पाणी. त्या पाण्यावरून होणाऱ्या लढायांवर नगरकरांनी कथानक थांबवून लिहिले आहे. पावसाळा उलटून चार महिने झाले की टँकरच्या वाटेकडे डोळे लावणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या वाचकाला ते विषयांतर वाटणार नाही. हंड्यांच्या रांगेत माणसाची जात, धर्म आणि स्वभाव एकाच वेळी कसे उघडे पडतात, हे आम्ही आमच्या दारासमोर पाहिले आहे.

आता एक कबुली द्यावयास हवी. ही कादंबरी प्रथम आली तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो. एक प्रत हातोहात फिरत होती. आम्ही ती अर्धी वाचली आणि बाजूला ठेवली. तिच्यातला लैंगिक मोकळेपणा आम्हांस खटकला, आणि त्याहून अधिक खटकला तो तिच्यातला धर्मगुरू. एडी ‘सभा’ नावाच्या हिंदू संघटनेच्या वर्गास जाऊ लागतो, तेव्हा आई आणि धर्मगुरू यांची जी तारांबळ उडते ती लेखकाने हसतखेळत रंगवली आहे. आमच्या श्रद्धेची ही टवाळी आहे असा निष्कर्ष आम्ही काढला. पुढे नव्याने धर्मगुरू झाल्यावर एका वाचनवेड्या तरुणाने या पुस्तकाविषयी विचारले, तेव्हा न वाचलेल्या अर्ध्याविषयीही आम्ही त्याला खात्रीने मत दिले आणि वाचू नकोस असे सांगितले.

वीस-बावीस वर्षांनी वाचताना तोच भाग निराळा दिसला. बाप नसलेला हा मुलगा त्या वर्गास जातो तो हिंदू व्हावे म्हणून नव्हे. तेथे गोष्टी सांगितल्या जातात, महाभारताच्या, शौर्याच्या. आणि तेथे त्याला कोणीतरी नावाने हाक मारते. त्याला आपल्याकडून काय मिळत होते? प्रश्नोत्तरी, मनाई आणि पापाची धास्ती. आपल्याजवळही गोष्टींचा साठा कमी नाही. दावीद आहे, योसेफ आहे, आणि आपले मूल परक्या देशी घेऊन पळालेले नाझरेथचे कुटुंबही आहे. त्या मुलापर्यंत त्या गोष्टी कोणी नेल्याच नाहीत, हा दोष कादंबरीकाराचा नाही. टवाळी म्हणून आम्ही जे दूर सारले होते ते एका शेजाऱ्याने आपल्या घरातले दाखवलेले व्यंग होते. शेजाऱ्याला ते दिसले, कारण तो भिंतीपलीकडून ऐकत होता.

याचा अर्थ या कादंबरीत दोष नाहीत असा नव्हे. विषयांतराचा नगरकरांना अनावर सोस आहे. पोर्तुगीज इतिहासापासून हिंदी सिनेमापर्यंत ते कोठेही शिरतात आणि कित्येकदा लवकर परतत नाहीत. वाचकाला धक्का देण्यासाठीच दिलेला धक्का काही ठिकाणी स्पष्ट जाणवतो. आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे. पार्वती पवारच्या मनात लेखक जितका खोल उतरतो तितका व्हायोलेटच्या मनात उतरत नाही. शिलाईयंत्रावर वाकून मुले वाढवणारी ही विधवा आपल्याला दिसते ती तिच्या कडवटपणातून आणि तिच्या अबोल्यातून. रात्री दिवा मालवल्यावर ती देवाशी काय बोलत असेल, याचा अदमास लेखक घेत नाही. चाळीतल्या कॅथलिकांचे विधी त्याने बारकाईने पाहिले. त्यांची प्रार्थना मात्र त्याच्या कानी पडली नाही. शेजाऱ्याच्या नजरेला येणारी ही मर्यादा आहे, आणि ती नोंदवूनच त्या नजरेचे मोल करावयास हवे.

पुढे नगरकरांनी या दोघांना सोडले नाही. ‘द एक्स्ट्राज’ (२०१२) आणि ‘रेस्ट इन पीस’ (२०१५) यांत रावण आणि एडी मोठे होतात, चित्रपटसृष्टीच्या परसदारी भटकतात आणि अखेर एकमेकांचे सोबती होतात. हिंदी चित्रपटसंगीताच्या वैभवात गोमंतकीय वादकांचा आणि संयोजकांचा वाटा केवढा होता हे आज जाणकार मान्य करतात. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली दोन नावे. पडद्यावर ज्यांची नावे क्वचितच आली त्या माणसांच्या जगात ही कथा शिरते, ही तिची जमेची बाजू. तथापि पहिल्या कादंबरीची एकाग्रता या दोहोंत नाही. ते दोघे मित्र झाले तेव्हा आम्हांस आनंद झाला, पण कादंबरीचा ताण तेथे सैलावला हेही खरे.

मधल्या दोन कादंबऱ्यांचा विषय स्थलांतर नाही. त्यांचा उल्लेख संक्षेपाने करतो. ‘ककोल्ड’ला (१९९७) साहित्य अकादमीचे २००० सालचे पारितोषिक मिळाले. मेवाडचा राजकुमार, मीराबाईचा पती, हा तिचा निवेदक. पत्नीचे सर्वस्व देवाला वाहिलेले, आणि हा राजवाड्यात राहूनही स्वतःच्या घरात उपरा. कलाकृती म्हणून ही नगरकरांची सर्वांत संपन्न कादंबरी आहे, असे आमचे मत आहे. ‘गॉड्ज लिटल सोल्जर’मधला (२००६) झिया श्रद्धा बदलतो, ख्रिस्ती मठातही जाऊन राहतो, पण आपल्या कट्टरपणाचे धर्मांतर करीत नाही. आपल्यातल्या प्रत्येकाने, विशेषतः आमच्यासारख्या झगाधाऱ्यांनी, ती एकदा वाचावी.

‘जसोदा’ २०१७ साली आली. दोन वर्षांनी, ५ सप्टेंबर २०१९ रोजी, नगरकर निवर्तले. या कादंबरीत त्यांचा नेहमीचा विनोद जवळजवळ मावळला आहे. दुष्काळाने करपलेल्या प्रदेशातली जसोदा मुलांना आणि सासूला घेऊन मुंबईला निघते आणि तेथील पदपथावर संसार मांडते. प्रदेश लेखकाने कल्पिलेला आहे, परंतु बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्या वाचकाला तो ओळखावयास वेळ लागत नाही. आटलेल्या विहिरी, ओस पडत जाणारी गल्ली, मागे राहिलेली म्हातारी माणसे. आमच्या धर्मग्रामात नाताळची मध्यरात्रीची मिस्सा वृद्धांच्या आणि लहानग्यांच्या संगतीत होते. धडधाकट माणसे तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतात. दिवाळीच्या आगेमागे गेलेली टोळी उपवासकाळ संपता संपता किंवा त्याहूनही उशिरा परतते. तारणाऱ्याला धर्मशाळेत जागा मिळाली नाही हे शुभवर्तमान आम्ही वाचतो, तेव्हा ते ज्यांना सर्वांत चांगले कळले असते ते लोक मंदिरात नसतात.

जसोदाच्या जीवनातली भयंकर गोष्ट दुष्काळ ही नाही. तिला मुलगे आहेत. ज्या मुली झाल्या त्या तिने स्वतःच्या हातांनी, जन्मताच संपवल्या आहेत. नगरकर हे सांगतात ते आवाज न चढवता. निवेदक तिचा धिक्कार करीत नाही, तिची बाजूही मांडीत नाही. तो तिच्याबरोबर चालत राहतो. हीच स्त्री पुढे मुलांसाठी कचऱ्यातून अन्न वेचते, हाल सोसते, आणि वाचकाला तिच्याविषयी आदर वाटू लागतो. मग त्या आदराचीच भीती वाटते.

हे पुस्तक आम्ही बीड जिल्ह्यात बसून वाचले, हे विसरता येत नाही. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ साली ८०७, राज्यात सर्वांत कमी. या आकड्यांवर आम्ही प्रवचने दिली आहेत. ती सोपी होती. व्यासपीठावरून पाप दिसते, पापाकडे नेणारी पायवाट दिसत नाही. प्रायश्चित्त-संस्कारात ऐकलेले काही येथे सांगण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु आमच्यासमोर गुडघे टेकणारी स्त्री आणि त्या आकड्यातली स्त्री यांची सांगड आम्ही घातली नव्हती, हे ‘जसोदा’ने आम्हांस दाखवून दिले. निवेदकाचे न्याय न देणे ही करुणा आहे की पळवाट, हा प्रश्न आम्ही बरेच दिवस घोळवला. आम्हांस वाटते ती करुणाच आहे, कारण तो काहीही लपवीत नाही. ज्या करुणेला सत्य झाकावे लागते ती खोटी. येथे सत्य पूर्ण सांगितले आहे आणि तरीही त्या बाईची साथ सोडलेली नाही.

तथापि याही कादंबरीत आमच्या जिल्ह्याचे स्थलांतर सापडणार नाही. आमची माणसे दरवर्षी जातात आणि दरवर्षी परततात. त्यांच्या जाण्यामागे केवळ कोरडे आभाळ नसते. मुकादमाकडून घेतलेली उचल असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, म्हणजे माणसांची गणती हत्याराच्या नावाने होते. एकाने खाडा केला की दोघांच्या नावे बोजा चढतो, आणि हंगाम संपला तरी कित्येकांची उचल फिटत नाही. ती पुढच्या वर्षाचा करार होऊन बसते. या हिशेबाची, कोपीतल्या बाळंतपणाची, हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ मागे ठेवलेल्या मुलांची कथा नगरकरांचा विषय नव्हती. ते मुंबईचे लेखक होते. त्यांची माणसे मुंबईला पोचली की त्यांना ती स्पष्ट दिसू लागत. फडावरची गोष्ट फडावर वाढलेल्याच कोणीतरी सांगावयास हवी. आमच्या धर्मग्रामांतील शिकलेल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे की, भाषा शुद्ध नाही या धास्तीने थांबू नका. ज्याचे मराठी शिक्षण शाळेच्या पहिल्या इयत्तांतच संपले त्या लेखकाने मराठी कादंबरीला नवे वळण दिले. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी ज्या जिल्ह्यात आहे तेथल्या माणसाला आपल्या बोलीची लाज वाटण्याचे कारण नाही.

नगरकरांच्या लेखनाचे एकूण मोल सांगावयाचे तर असे म्हणता येईल : दोन संस्कृतींत वाढलेल्या या माणसाला कोणतेही एक घर पूर्णपणे आपले वाटले नाही. मराठीने त्यांना दूर गेलेला मानले, आणि इंग्रजीत ते चाळ आणि पदपथ घेऊन गेले. ही उणीव त्यांनी तक्रारीत घालवली नाही. तिच्या बळावर त्यांना शेजारच्या परक्यांचे दुःख ऐकू आले, आणि ते त्यांनी बहुतांशी खरेपणाने लिहिले. जेथे ते कमी पडले तेथे पुढचे काम आपले आहे.

ज्या तरुणाला आम्ही ‘रावण अँड एडी’ वाचू नकोस म्हणालो होतो तो आता चाळिशी ओलांडलेला शिक्षक आहे. गेल्या नाताळात आम्ही त्याला मराठी अनुवादाची प्रत दिली आणि पूर्वीचे मत मागे घेतले. तो हसला, त्याने ती कादंबरी तेव्हाच वाचली होती. नोंदवहीतल्या त्या बाळाच्या नावासमोर मात्र आम्ही आता समासात एक ओळ वाढवली आहे : ‘जन्म हंगामात, ऊसतोडीच्या कोपीत.’ गावाचे नाव आम्ही खोडलेले नाही.